साडेतीन इंचांची पट्टी, पण दिवाळीला

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला मजकूर इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात गावातच स्लॅबचं नवं घर झालंय. सहा खिडक्या, सगळ्या चार बाय चार फुटांच्या. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, यजमान सहा एकरांत कपाशी-तूर करतात. खिडक्यांना आतून, फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे पल्ले बसवायचे आहेत. शहरातल्या कंत्राटदाराने तीन भाव दिलेत: अडीच इंची पट्टी ९५० रुपये चौरस फूट, साडेतीन इंची ९००, साडेचार इंची ८७०. तूर-कापूस विकून १ लाख ७५ हजार हाती आहेत, त्यातून १ लाख ३० हजारांचं पीककर्ज मार्चअखेर फेडायचंय. कंत्राटदार म्हणतो हप्त्याने घ्या. तुमचा प्रश्न एवढाच की कोणती पट्टी स्वस्तात पडेल.

पट्टीच्या मापाने फारसा फरक पडत नाही, ताई. सहा खिडक्यांचे ९६ चौरस फूट होतात. सगळ्यात महाग ९१,२०० आणि सगळ्यात स्वस्त ८३,५२०, म्हणजे सगळा खेळ ७,६८० रुपयांचा. एवढ्यासाठी साडेचार इंची घ्याल आणि ती खिडकीत फिरणारच नाही.

फिरणार नाही असं का म्हणतो? पट्टी मधोमध फिरते. उघडली की निम्मी खोलीत येते, निम्मी काचेकडे जाते. साडेचार इंच म्हणजे ११४ मिलिमीटर, तिची निम्मी ५७. पल्ला साधारण २८ मिलिमीटर जाडीचा धरला तर त्यातले १४ पल्ल्यातच जिरतात, उरलेले ४३ मागे मोकळे लागतात. तुम्ही लिहिलंय की पल्ला बसेल तिथून स्लायडिंगच्या काचेच्या कडीपर्यंत दीड इंच आहे, म्हणजे ३८ मिलिमीटर. साडेचार इंची तिथे कडीला अडणार. साडेतीन इंचीला (८९ मिलिमीटर) मागे ३१ लागतात, ती बसते. अडीच इंचीला १८ पुरतात. कागदावर विश्वास ठेवू नका. पुठ्ठ्याची साडेतीन इंच रुंद पट्टी कापा, मधून पेन्सिल ओवा आणि खिडकीत धरून फिरवून बघा. कडीला लागते का, मच्छरजाळीला लागते का, लगेच कळेल. कंत्राटदार म्हणेल, चौकट पुढे घेऊ. घेता येते, पण त्या चौकटीचे पैसे या भावात आहेत का ते आधी विचारा.

मग सगळ्यात सुरक्षित म्हणून अडीच इंची का नको? पुसणार कोण, म्हणून. चार फुटी खिडकीचे दोन पल्ले केले तर अडीच इंचीच्या एका पल्ल्यात अठराच्या आसपास पट्ट्या येतात, साडेतीन इंचीच्या बारा-तेरा. तुमच्याकडे मागच्या खोलीत भाव येईपर्यंत कापूस रचलेला असतो, आणि तूर निघाली की कुटाराची धूळ आठवडाभर अंगणातून उठते. ते बारीक तंतू पट्टीच्या टोकाशी, खिट्टीत जाऊन बसतात. बारीक पट्टी शोभते ती न्हाणीघराच्या चिंचोळ्या खिडकीला, किंवा रस्ता अगदी खेटून असेल तिथे. तुमचा ओटा रस्त्यापेक्षा उंच आहे, पट्ट्यांची आतली कड खाली ठेवून बाहेरची वर उचलली तरी जाणाऱ्या-येणाऱ्याला आतलं दिसत नाही. तेव्हा माप साडेतीन इंच. यावर आणखी डोकं खपवू नका.

खरा निर्णय किती खिडक्यांना आणि कधी, हा आहे. कूलर ज्या खिडकीत बसतो तिथे आतून पल्ला निरुपयोगी. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर प्रत्येक पट्टीवर चढेल. कापसाच्या खोलीला तर साधी फळी पुरे. उरल्या तीन: बैठकीची रस्त्याकडची आणि झोपायच्या खोलीच्या दोन. त्या दोनपैकी एक पश्चिमेला आहे, आणि तुमची सगळ्यात मोठी आशा तिच्याकडूनच आहे की मे महिन्यात खोली थंड राहील. तसं फारसं होत नाही. ऊन काचेतून आत आल्यावर पट्टीने अडवलं तरी उष्णता खोलीतच राहते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ते ऊन काचेबाहेर अडवावं लागतं. त्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा, पाणी मारता आलं तर आणखी बरं. खर्च पल्ल्याच्या पासंगालाही पुरणार नाही. म्हणजे पल्ले दोनच खिडक्यांना: ३२ चौरस फूट, २८,८०० रुपये.

आता पैसे. हातातल्या १ लाख ७५ हजारांतून पीककर्ज आधी, बाकी सगळं नंतर. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याजाचा भार जवळजवळ उरत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि नवं कर्ज अडतं ते वेगळंच. उरलेल्या ४५ हजारांना हात लावू नका. मृगात बियाणं, खत, दुबार पेरणीची वेळ आली तर तेही, सगळं त्यातूनच.

हप्त्याचं गणित मी करून पाहिलं. सहाही खिडक्यांना साडेतीन इंची घेतली तर ८६,४००; त्याचे बारा हप्ते, प्रत्येकी ७,९००, एकूण ९४,८००. कंत्राटदार याला ‘दहा टक्केसुद्धा नाही’ म्हणतो. पण मुद्दल तुम्ही दर महिन्याला फेडत जाता, त्यामुळे खरा दर वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. जवळपास बिनव्याजी पीककर्ज मिळणाऱ्या घराने खिडकीसाठी सतरा टक्के मोजावेत हे मला पटत नाही. त्यापेक्षा तुमच्या पगारातून मार्चपासून महिन्याला ३,६०० रुपयांची आवर्ती ठेव बँकेत सुरू करा, पोस्टात नको, तिथली मुदत पाच वर्षांची असते. आठ हप्त्यांत ऑक्टोबरला २८,८०० जमा, वर थोडं व्याज.

दिवाळीपर्यंत उशीर होतो म्हणून वाईट वाटेल, पण तुमच्या घराला तो उशीर हवाच आहे. घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नव्या बांधकामाच्या चौकटी पहिल्या पावसाळ्यात हलू शकतात. आज गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असलेली खिडकी सप्टेंबरात एका कोपऱ्यात चार मिलिमीटर तिरपी झाली तर मापाने केलेला पल्ला घासायला लागतो. मापं पाऊस सरल्यावरच घ्यायला लावा, दोन्ही कर्ण मोजून.

भावपत्रकात ‘इंजिनिअर्ड लाकूड’ लिहिलंय. ते एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी असेल तर नको. कूलरच्या ओलीने फुगतं, आणि तुमच्याकडे वाळवीही आहे. पीव्हीसी घ्या, पण दोन फूट लांब पट्टी उन्हात मधून झोळू नये म्हणून आत ॲल्युमिनियमची पट्टी आहे का विचारा. सागवान हवंच असेल तर गावच्या सुताराकडून वेगळा भाव मागवा, मात्र पट्टी एकसारखी फिरवणारी दांडी त्याने आधी कुठे बसवलीय का ते बघून या. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि पावतीवर ‘साडेतीन इंच’ नको, ‘८९ मिलिमीटर’ असं लिहून घ्या.