स्पितीत पहिल्यांदाच होमस्टे? एवढं सांभाळा
हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात गावकऱ्यांच्या घरी राहायचं मस्त ठरवलंयत, नक्की जा! सुरुवातीला दोन-तीन गोष्टीच डोक्यात ठेवा, बाकीचं तिथे गेल्यावर कळत जातं.

सगळ्यात आधी उंची. लांगझा, कोमिक ही गावं ४,४०० मीटर आणि त्याच्याही वर आहेत आणि नवीन लोक मनालीहून कुंझुम पास ओलांडून थेट तिथेच मुक्काम टाकतात नि मग रात्रभर डोकं धरून बसतात. शिमला-किन्नौरकडून हळूहळू चढा, काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, जे या गावांपेक्षा खाली आहे, दोन रात्री काढा, मगच वर. डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या तर सरळ खाली उतरायचं, थांबून बघू वगैरे नाही.

दुसरं, टॉयलेट. बऱ्याच घरात कोरडा संडास असतो, जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. झालं की फावडंभर माती टाकायची, पाणी ओतायचं नाही, वेट वाइप्स तर अजिबात नाही, ते सगळं पुढे खत म्हणून शेतात जातं हो.

- कॅश जवळ ठेवा
- जेवणार की नाही ते आधीच सांगा
- फोटो विचारूनच

आणि खोलीत मोबाईल घेऊन बसू नका, स्वयंपाकघरात जाऊन बसा. मटारचा सीझन असेल तर सोलायला बसा, गप्पा आपोआप सुरू होतात. पहिली ट्रिप जून ते सप्टेंबरमध्येच करा, हिवाळ्याचं नंतर बोलू.