अकाउंट्सच्या नोकरीत टिकायचं तर आता कोणता कोर्स करावा?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, टॅली येतं, मालक नवीन सॉफ्टवेअर आणतोय, तर पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख काढायचं सॉफ्टवेअर) शिकू की एआयचा कोर्स करू? कोर्सची नावं सांगणारे इथे पुष्कळ भेटतील. मी भोसरीत पत्र्याचं काम करणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स बघते, व्हॅट होता तेव्हापासून.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हाही ‘आता सगळं ऑनलाइन, माणसं कशाला’ हे ऐकलं. ऑगस्ट २०२३मध्ये ई-इनव्हॉइसची (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायची) सक्ती ५ कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आली, तेव्हा पुन्हा तेच. काम काही कमी झालं नाही. पूर्वी बिलाचा घोळ ऑडिटच्या वेळी निघायचा. आता १४ तारखेला टू-बी येतो, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी; २०ला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा रिटर्न भरायचा. टू-बीत बिल दिसलं नाही तर त्या महिन्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट नाही, तेवढा कर खिशातून भरा.

आमच्याकडे मालकांच्या पुतण्याने आपली बिलं टू-बीशी जुळवणारं सॉफ्टवेअर आणलं. पहिल्याच महिन्यात पत्रा देणाऱ्याचं एक मोठं बिल लाल झालं: ‘सप्लायरने रिटर्न भरलेला नाही’. पुतण्याने त्याचं पेमेंट थांबवलं. सप्लायर म्हणे, भरलंय. पुतण्या म्हणे, सिस्टीम खोटं बोलत नाही. मग सप्लायरने पत्रा थांबवला आणि प्रेसवरची माणसं बसून राहिली.

मी गेटवरचं इनवर्ड रजिस्टर मागवलं. गाडी आलेली, माल उतरलेला, स्टोअरची सही. मालकांची दुसरी एक फर्म आहे, नाव जवळपास तेच, पत्ताही तोच. तिचा टू-बी उघडला तर बिल तिथे! सप्लायरच्या मुलाने जीएसटी नंबर दुसऱ्या फर्मचा टाकला होता. सॉफ्टवेअरला तेही दिसत होतं, पण तिथे ते ‘जादा बिल’ म्हणून पडून होतं. त्या फर्ममध्ये फक्त मशीनिंग होतं, १.६ एमएमचा सीआरसी पत्रा तिथे कधीच जात नाही, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? सप्लायरने पुढच्या जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती केली, क्रेडिट आलं. पुतण्या चकार शब्द बोलला नाही.

म्हणून सांगते, स्टोअरमध्ये जाऊन बसा. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. पावडर कोटिंगवाल्याकडे काय अडकलंय ते माल पाठवल्याच्या चलनापेक्षा स्टोअरकीपरला आधी ठाऊक असतं. कोणता पुरवठादार सूक्ष्म-लघु उद्योगात नोंदलेला आहे, त्याला ४५ दिवसांत पैसे जातात की नाही, याची यादी स्वतःजवळ ठेवा. मार्चअखेर हिशेब बंद करताना मालक ती यादी मागायला तुमच्याच टेबलाशी येतील.

माझा धाकटा दीर हिंजवडीत आयटीत होता. दर दिवाळीला फराळ करता करता म्हणायचा, “वहिनी, तुमचं काम म्हणजे डेटा एंट्री, पाच वर्षांत संपणार.” तो हे म्हणता म्हणता त्याच्या कंपनीनेच त्याची अख्खी टीम काढली. आता तो स्वतःचं कन्सल्टिंग करतो आणि रविवारी सकाळी फोन येतो, “वहिनी, सेवेला २० लाखांच्या आत जीएसटी रजिस्ट्रेशन नको ना? आणि गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर?” सांगते मी. भाऊजी आहेत, सांगावं लागतं. पण एंट्री करणाऱ्या बाईला विचारताय हे त्यांना आठवत असेलच.

आता खरं तेही सांगते. एक्सेल मलाही शिकावं लागलं. पिव्होट आणि लुकअप येत नसेल तर आधी तेवढं करा, यूट्यूबवर फुकट आहे. इंग्रजीत मेल लिहिता यायला हवा. आणि तुम्ही नुसते रिटर्न भरणाऱ्या कन्सल्टंटकडे असाल तर माझं अर्धं उत्तर तुमच्या कामाचं नाही, कारण तिथे माल डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी पगार थोडा कमी मिळाला तरी एखाद्या कारखान्यात जागा बघा. पॉवर बीआय आमच्या ओळीतल्या एकाही कारखान्यात कुणी वापरत नाही.