वाचकांचे प्रश्न : जुन्या कागदांवरचे शक, सन आणि घटका-पळे

प्रश्न : आमच्या घरी वतनाचे काही मोडी कागद आहेत. जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा एकावर ‘शके १६८२ विक्रमनाम संवत्सरे, पौष शुद्ध ५’ असा आणि दुसऱ्यावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असा काळ निघाला. शकात ७८ मिळवून मी पहिला कागद १७६० सालचा ठरवला. धाकटा भाऊ १७६१ म्हणतो. दुसऱ्याचा तर अर्थच लागत नाही. — एक वाचक, सातारा

उत्तर : भावाचे म्हणणे खरे आहे. शकात ७८ मिळवण्याचा नियम चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबर संपेपर्यंतच चालतो. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ-फाल्गुनाबद्दल सहसा शंका राहत नाही. घोटाळा करतो तो पौष, कारण तो कधी डिसेंबरात लागतो तर कधी जानेवारीत, आणि ते जंत्री (तिथी व इंग्रजी तारखा ताडून देणारे कोष्टक) उघडल्याशिवाय कळत नाही. शके १६८२च्या पौष शुद्ध अष्टमीला पानिपतची लढाई झाली, तो दिवस १४ जानेवारी १७६१, बुधवार. तुमचा कागद त्याच्या अवघे तीन-एक दिवस आधीचा आहे, तेव्हा तो जपून ठेवा.

शकाचा आकडा मोडीत नीट लागला की नाही, हे संवत्सराच्या नावावरून ताडून पाहता येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव या पहिल्या नावापासून मोजलेला क्रमांक. येथे १६९४ला ६० ने भागल्यावर १४ उरतात आणि चौदावा संवत्सर विक्रमच आहे.

दुसऱ्या कागदावर सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी एक जुनी कालगणना, आहे. त्यात आकडा अरबी शब्दांनी आणि एककापासून वर चढत लिहितात : इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते, म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणत. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले, की इसवी सन मिळतो. म्हणजे हा कागद १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंत केव्हातरी लिहिलेला आहे. अशा कागदांवर बहुधा ‘छ’ हे अक्षर, एक आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव असते. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्या महिन्यातला कितवा दिवस ते. या महिन्यांना अधिक मास नसल्यामुळे ते दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे रमजान पाहून पावसाळा की उन्हाळा हे ठरवू नये. तुमच्या कागदावर ‘छ’ दिसतो का, ते पुन्हा पाहून घ्या. असल्यास नेमकी तारीख काढता येईल.

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख कोठे १९ फेब्रुवारी १६३० तर कोठे १ मार्च १६३० अशी वाचायला मिळते. तिथी एकच असताना तारखा दोन कशा?

उत्तर : दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ हा दिवस जुन्या ज्यूलियन गणनेने १९ फेब्रुवारी आणि सुधारलेल्या ग्रेगोरियन गणनेने १ मार्च येतो. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच. राज्याभिषेकाच्या ६ आणि १६ जूनचेही असेच आहे. पोर्तुगालने १५८२ सालीच नवी गणना घेतली, इंग्रजांनी ती १७५२पर्यंत लांबवली, म्हणून शिवकाळात एकाच घटनेवर गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात पडलेली तारीख सुरतेच्या इंग्रजी पत्रातल्या तारखेहून दहा दिवस पुढची असते. त्यातच तेव्हा इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने त्यांच्या हिशेबी फेब्रुवारी १६३० म्हणजे अजून १६२९च. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडे हीच तिथी चैत्र कृष्ण तृतीया म्हणून दिली जाते. ती चूक समजू नये.

प्रश्न : वडिलांचा जन्म मे १९४३च्या मध्यास पुण्यात झाला. पत्रिकेत सूर्योदयापासून इष्ट घटी १५, पळे ३० आहेत, तर प्रसूतिगृहाच्या नोंदीत दुपारचे एक वाजून दहा मिनिटे. कोणती वेळ धरावी?

उत्तर : एक घटका २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचे, म्हणजे १५ घटी ३० पळांचे सहा तास बारा मिनिटे झाले. मेच्या मध्यास पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा पत्रिकेची वेळ सव्वाबाराच्या थोडी अलीकडे येते. नोंदीशी फरक जवळजवळ एका तासाचा आहे, आणि त्याचे कारण युद्ध. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात हिंदुस्थानातली घड्याळे एक तास पुढे केली होती. प्रसूतिगृहाने भिंतीवरचे घड्याळ पाहिले, जोशीबुवांनी सूर्य पाहिला. आजच्या प्रमाणवेळेने सांगायचे तर बारा वाजून दहा मिनिटे धरावीत. उरलेली दोन मिनिटे सूर्योदय त्या दिवशी नेमका केव्हा झाला, यावर अवलंबून आहेत.