‘हायग्रोफोरस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: हायग्रोफोरस या अळंब्यांच्या वंशाला ‘मेणटोपी’ म्हटले तर चालेल का, आणि मूळ शब्दाचा मेणाशी काय संबंध?

मूळ शब्दात मेण कुठेच नाही. ग्रीक ‘हायग्रोस’ म्हणजे ओला, दमट. हायग्रोमीटरमध्ये तो आपल्याला शाळेतच भेटलेला असतो. ‘फोरस’ म्हणजे वाहणारा, धारण करणारा. तोच फॉस्फरसमध्येही आहे: फॉस म्हणजे प्रकाश, म्हणून फॉस्फरस ‘प्रकाश वाहणारा’. मला यात सर्वात आवडते ते हे की या ‘फोरस’चे आणि संस्कृत ‘भृ’ धातूचे मूळ एकच. आपला ‘भार’ त्या ‘भृ’वरूनच आला. म्हणजे हायग्रोफोरस हा ओलावा अंगावर वागवणारा.

हे नाव स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी 1836 मध्ये दिले, आणि ते नेमके आहे. युरोपात बीचच्या झाडांखाली उगवणारी हायग्रोफोरस एबर्नियस पावसात इतकी बुळबुळीत होते की बोटांतून निसटते. जर्मन लोक या अळंब्यांना ‘श्नेकलिंग’ म्हणतात, ‘श्नेके’ म्हणजे गोगलगाय. यांतल्या बुळबुळीत जातींचे जुने लॅटिन नाव ‘लिमासियम’ होते, तेही ‘लिमॅक्स’वरून, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायीवरून.

मेण आले ते टोपीखालच्या पापुद्र्यांमुळे. ते जाड, विरळ असतात आणि बोटांत चोळले की मेणासारखे लागतात. मेण पापुद्र्यांत आहे, टोपीत नाही, म्हणून ‘मेणटोपी’ मला पटत नाही. शिवाय इंग्रजीतले ‘वॅक्सकॅप’ हे नाव मुख्यतः हायग्रोसायबी या जवळच्या वंशाला लावतात. युरोपात त्या लाल-पिवळ्या अळंब्या माळावरच्या गवतात उगवतात. हायग्रोफोरस मात्र रानातच सापडते, कारण झाडांच्या मुळांशी तिची देवाणघेवाण चालते. तेव्हा ‘मेणटोपी’ने दोन्ही वंशांची सरमिसळ होईल.

आपल्याकडे ‘मेणचट’ हा नेमका शब्द पडून आहे. ‘मेणचट पापुद्र्यांची रानअळंबी’ असे एकदा लिहावे आणि पुढे सरळ हायग्रोफोरस म्हणावे. वंशाचे शास्त्रीय नाव भाषांतरात हरवू नये असे माझे ठाम मत आहे.

जातींच्या नावांचे मात्र मराठी रूप सुंदर होते. एबर्नियस म्हणजे ‘हस्तिदंती’. शब्द तयारच आहे. क्रायसोडॉन म्हणजे ‘सोनदाती’, कारण टोपीच्या काठावर पिवळे कण असतात. अ‍ॅगाथॉस्मस म्हणजे ‘सुवासिनी’ म्हणायचा मोह होतो, पण त्या शब्दाला आपल्याकडे वेगळाच अर्थ आहे, म्हणून ‘सुगंधी’च बरे, तिला कडू बदामाचा वास येतो. आणि मार्झुओलस ही ‘मार्ची’, कारण ती आल्प्सकडच्या रानांत वसंताच्या तोंडावर, कित्येकदा वितळत्या बर्फाशेजारी वर येते.