नवीन बॅटरी टाकूनही मोटरहोममधील दिवे मंदावतात. बॅटरी पुन्हा बदलावी का?

बॅटरी पुन्हा बदलू नका. पाण्याचा पंप सुरू होताच दिवे मंदावतात, पंपाला जोर नसतो आणि रात्री एकही नळ उघडा नसताना पंप मधूनच चालू होतो, अशी तीन लक्षणे आपण दिली आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन लक्षणांवरून आमच्या घरात मोठा वाद झाला होता, म्हणून त्यांविषयीच अधिक लिहितो.

आमची मोटरहोम माझ्या आणि माझ्या मेव्हण्यांच्या सामाईक मालकीची आहे. हीच लक्षणे दिसू लागली तेव्हा मेव्हण्यांनी एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून आधी बॅटरी बदलली, मग पंप बदलला, आणि दिवे तरीही मंदावतच राहिल्यावर त्यांची नजर चार्जरकडे वळली. मोजमाप केल्याशिवाय यापुढे एकही भाग विकत घ्यायचा नाही, असे मी तेव्हा ठामपणे सांगितले. बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसत आहेत आणि फ्यूज शाबूत आहेत, मग आणखी काय मोजणार, असा त्यांचा सवाल होता. परंतु भार नसताना घेतलेले ते माप बॅटरी भरलेली असल्याचे सांगते. वायरिंगविषयी ते काहीच सांगत नाही.

नळ उघडून पंप चालू ठेवला आणि पुन्हा मोजले, तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर 12.4, तर पंपाच्या टोकांवर जेमतेम 11 व्होल्ट मिळाले. मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरा चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या धातूवर टेकवला. तेथे आकडा शून्याच्या आसपास असायला हवा; मीटरने 1.2 दाखवले. बॅटरीची काळी (निगेटिव्ह) केबल चॅसीला जेथे बोल्टने बांधली होती तो सांधा मागच्या चाकाजवळ, रस्त्यावरचे पाणी थेट उडेल अशा जागी होता. बोल्ट घट्ट असल्यामुळे हाताने हलवून काहीच कळले नसते, पण तो सोडल्यावर लगखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाचा थर, त्यावर पांढरट-हिरवी भुकटी आणि कडेने कारखान्यातला रंग तसाच आढळला. पंप सुमारे 8 अँपिअर घेत असताना त्या एका सांध्यात जवळजवळ 10 वॉट नुसतीच उष्णता होऊन वाया जात होते, आणि दिव्यांचा परतीचा मार्गही त्याच सांध्यातून असल्यामुळे पंपाबरोबर तेही मंदावत होते. लग आणि चॅसी पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. त्यानंतर दिवे मंदावलेले नाहीत.

जुनी बॅटरी तशीही जाणारच होती, असे मेव्हणे आजही म्हणतात. ते मला मान्य नाही, कारण ती बॅटरी मी पूर्ण चार्ज करून लोड टेस्टरवर (भार देऊन बॅटरी तपासणाऱ्या उपकरणावर) तपासून घेतली आणि ती उत्तम निघाली. न मोजता भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

रात्री चालू होणाऱ्या पंपाबाबत थोडक्यात: पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून पाहा. तरीही पंप चालू होत असेल तर त्याचा स्वतःचा चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पाणी मागे सोडत आहे. थांबला तर गळती पुढे, बहुधा टॉयलेटच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा हीटरच्या जोडणीत असेल.

वरील आकडे लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आहेत. लिथियम बॅटरीचे व्होल्टेज बहुतांश काळ जवळजवळ स्थिर राहते, त्यामुळे ती किती भरली आहे हे त्यावरून कळत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे माप चार्जिंगनंतर काही तास थांबूनच घ्या. बोल्टला पाना लावण्यापूर्वी चार्जर आणि सोलर बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. एवढे करूनही पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन्ही बाजूंच्या केबलमध्ये मिळून 0.3 व्होल्टपेक्षा कमीच घट आढळली आणि दिवे तरीही मंदावले, तर मात्र नवीन बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या, कारण नवी बॅटरीही सदोष निघू शकते. आणि काढलेली जुनी बॅटरी अजून आपल्याकडे असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी आजच चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसेल आणि मग ती खरोखरच निकामी होईल.