एक्के फेकायची रात्र

अरे, तुझा पोकरचा स्क्रीनशॉट बघितला. एक्क्यांची जोडी, समोर राजांची जोडी, टेबलावरच्या सामाईक पाचव्या पत्त्याला त्याचा तिसरा राजा आला आणि तू बाहेर. खाली लिहिलंयस, काका माझं नशीबच फुटकं. नशीब बिशीब राहू दे, एक्के राजांपुढे पाचातून साधारण चारदा जिंकतात, तुला पाचवी वेळ लागली, संपला विषय.

मला तुझा परवाचा बदामांचा हात जास्त खटकला. तीन पत्ते उघडे, तुझे धरून चार बदाम, पाचवा आला की हात जवळपास तुझा, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३००, समोरच्याने १०० लावले. न दिसलेले पत्ते ४७, त्यात बदाम ९, म्हणजे पुढच्या पत्त्याला पाचातून जेमतेम एकदा. आणि १०० टाकून तू जिंकणार ४००, म्हणजे पाचातून एकदा लागलं की फिटंफाट. एकदम काठावरचा कॉल, म्हणजे समोरच्याएवढे टाकून हातात राहणं. हे मांडलं होतंस की "वाटलं येईल" म्हणून दाबलंस? खरं सांग.

पण एवढा हिशोब जमला की आपल्याला वाटतं खेळ आला, मलापण वाटलं होतं. टूर्नामेंटमध्ये चिप्सची, म्हणजे खेळातल्या टोकनांची, किंमत बक्षिसं कशी वाटलीत त्यावर ठरते. सॅटेलाइटच घे ना, जिथे बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट. टेनेसीचा तो अकाउंटंट ख्रिस मनीमेकर, २००३ ला ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटपासून सुरुवात करून लास वेगासला पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला, तेव्हापासून सगळे तिकिटाच्या मागे, मीपण.

तर माझी रात्र. दहा तिकिटं, उरलेलो अकरा जण. अडीच वाजलेले, चहावर साय धरलेली. माझा स्टॅक, म्हणजे चिप्सचा ढीग, दुसऱ्या नंबरचा, आणि एका बिचाऱ्याकडे ब्लाइंडच्या (पाळीने आधीच टाकाव्या लागणाऱ्या चिप्सच्या) अर्ध्याही नाहीत, पुढच्याच हाताला त्याच्यावर ब्लाइंड येणार. आणि तेव्हाच सगळ्यात मोठ्या स्टॅकवाल्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, मी बघतो तर माझ्याकडे एक्के. एक्के कोण फेकतं रे? दाबला कॉल. त्याच्याकडे किलवरची आठ-सात, टेबलावर तीन किलवर पडले, त्याचे पाच झाले. मी अकरावा.

जिंकलो असतो तरी तो कॉल चूकच होता हे समजायला मला महिने लागले. डबल स्टॅक करून काय, दोन तिकिटं थोडीच देणार होते? गप्प बसलो असतो तर तो ब्लाइंडवाला बिचारा बहुधा आधी गेला असता आणि तिकीट जवळजवळ खिशात होतं.

आता २०२५ च्या कायद्याने आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंदच झालंय, आणि तुझं वय बघता मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. प्ले चिप्सवर खेळतोस ते ठीक, फक्त तिथे लोक फुकटच्या चिप्स म्हणून कशावरही ऑल-इन करतात, त्यावरून माणसं वाचायला शिकू नकोस. आणि गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचं एवढ्यात काढू नकोस, आधी हात लिहून ठेव, हातात काय होतं, कितीजण उरले होते, कॉल करताना डोक्यात काय होतं. जिंकलेले हातपण लिही, चुका तिथे जास्त लपतात.

रविवारी ये घरी, वही आण. पत्त्यांचा कॅट आहे माझ्याकडे, एक चौकटची दुर्री हरवलीये, चिठ्ठी लावून भागवू.