करडीचं तेल आणि घरखर्चाचं गणित

प्रश्न : आमचं पाच माणसांचं घर. करडी पेरणाऱ्याच्या आणि गावच्या घाण्यावाल्याच्या हाती चार पैसे जावेत असं फार वाटतं. पण घाण्याचं तेल पाकिटाच्या तेलापेक्षा कितीतरी महाग पडतं. पाकीट आणलं की मनाला लागून राहतं. काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : सगळंच तेल बदलायचा हट्ट सोडा. डाळ आणि लेकरांचं दूध तोडून घाण्याचं तेल आणणं आम्हाला मुळीच पटत नाही. महिन्याला तीन किलो तेल लागत असेल, तर दीड किलो करडीचं ठेवा. फोडणी, धपाटे, भाकरीसोबतच्या चटणीवर कच्चं तेल, एवढं त्यात भागतं. तळणाला मात्र ते वापरू नका. करडीचं तेल सारखं तापवलं की लवकर बिघडतं, शिवाय घाण्याच्या तेलातले बारीक कण जळून धूर होतो.

भाव खरा की खोटा, हे घरीच ताडता येतं. करडीच्या दाण्यात साधारण २८ ते ३० टक्के तेल असतं आणि त्यातलं थोडं पेंडीत राहतं. म्हणजे किलोभर तेलाला चार किलोच्या आसपास करडी लागते. त्या दिवसाचा करडीचा भाव चारने गुणा, गाळपाची मजुरी मिळवा, पेंडीचे पैसे वजा करा. याच्या खूप खाली कुणी तेल देत असेल, तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं असण्याची शंका घ्या.

त्यापेक्षा रास झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, ओळखीच्या शेतकऱ्याकडून दाणाच घ्या. दीड किलोच्या हिशेबाने वर्षाला पाऊण क्विंटल लागेल. एकदम जमत नसेल तर निम्मा घ्या. कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. ओलसर राहिला तर कोठीत बुरशी धरतो आणि तेल गढूळ निघतं. दर दोन महिन्यांनी बारा किलो समोर बसून गाळून घ्या. तेल तीन-चार दिवस हलवू नका, वरचं निथळून स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरा आणि अंधारात ठेवा. गाळ तसाच राहिला की तेल खवट होतं. घाण्याच्या तेलाबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथंच असतं.

हे पैसे वाया जात नाहीत. करडीचं सोटमूळ खोल जातं; काळ्या रानातल्या ओलीवर, पाण्याची पाळी न देता पीक निघतं. पण काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही. घरून रोख भाव देणारं गिऱ्हाईक मिळालं, तर पुढच्या रब्बीत करडीचं एखादं तास (पेरणीची ओळ) जास्त पडेल.

प्रश्न : लातूरला पाण्याची एवढी टंचाई. पाणी शुद्ध करताना बरंच पाणी बाहेर टाकणारं आरओ यंत्र बसवणं चुकीचं का?

उत्तर : आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट ४५ च्या आत आणि फ्लोराइड १ च्या आत असेल, तर आरओची गरज नाही. गाळून, उकळून प्या. नायट्रेट-फ्लोराइड जास्त असेल तर उकळून काहीच साधत नाही, तिथं आरओ बिनधास्त बसवा. घरगुती यंत्र लिटरभर पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ती नळी मोरीत न सोडता बादलीत सोडा. ते पाणी फरशीला, संडासाला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साचतात.